जुनी जीप पुन्हा कशी चालू लागते?

पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर करकंब हे गाव आहे. या भागातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला अशी चिकटते की साधी मोटार जागची हलत नाही. अशा गावांतून एके काळी डॉक्टर, कंत्राटदार, सरकारी अधिकारी आणि बागायतदार यांचे भरवशाचे वाहन म्हणजे जीप. आजही एखाद्या वाड्याच्या मागे, कडब्याच्या गंजीआड, टायर बसलेली जुनी जीप दिसते. कोंबड्यांनी तिच्या सीटवर संसार थाटलेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, समजा, अशी एक जीप तुमच्या आजोबांची आहे. भंगारवाला किलोच्या भावाने किंमत सांगून गेला आहे. आजोबा म्हणतात, "चालू होण्यासारखी असेल तर ठेवू, नाही तर देऊन टाकू." ती चालू होण्यासारखी आहे की नाही, हे कसे ठरवायचे? पुष्कळ जण पाना हातात घेऊन जे दिसेल ते खोलू लागतात, आणि महिनाभराने नट-बोल्टांनी भरलेली चार घमेली व अर्धी जीप एवढेच शिल्लक राहते. यंत्र दुरुस्त करण्याचा खरा नियम प्रयोगशाळेतलाच आहे: आधी मोजा, मग कारण शोधा आणि त्यानंतरच बदला. या नियमाने जीप कशी उभी राहते ते पाहू या. यात तुमच्या पाठ्यपुस्तकातील बरीचशी प्रकरणे आपोआप भेटतील.

पाव टनाचा ट्रक

जीप हे आज एका प्रकारच्या मोटारीचे नाव वाटत असले तरी अमेरिकेच्या सैन्याच्या कागदोपत्री ती 'पाव टनी ट्रक' होती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० साली त्या सैन्याने हलके, चारही चाकांना शक्ती पुरवणारे वाहन मागवले. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने त्याच वर्षी तयार करून दिला. नंतर विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. विलीसच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनाची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती होती.

भारतात जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली. १९४५ साली के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. खेड्यापाड्यांत आज ज्या जुन्या जीप सापडतात त्यांत सीजे-३बी या नमुन्याच्या पुष्कळ असतात. हिचे बॉनेट इतर जीपपेक्षा उंच दिसते. ही उंची शोभेसाठी नाही. जुन्या एंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये होते. नव्या एंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. त्यामुळे हवा अधिक सहज आत शिरू लागली व शक्ती सत्तरहून अधिक अश्वशक्तीवर गेली. पण एंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले.

ओळंबा आणि टेप

पहिली तपासणी चासीची. एंजिन दुरुस्त होते, पत्रा बदलता येतो. पण चासी वाकडी किंवा कुजलेली असेल तर वरचा सारा खर्च वाया जातो.

जीप सपाट फरशीवर घ्या. चासीच्या डाव्या व उजव्या बाजूंवर पुढे दोन व मागे दोन अशा समोरासमोरच्या चार खुणा निवडा. प्रत्येक खुणेपासून गवंड्याचा ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूने बिंदू काढा. आता या चौकोनाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या आकृतीचे कर्ण समान असतात हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. कर्णांत बोटभर फरक पडला तर चासी तिरकी झाली आहे असे समजावे. मोठमोठ्या गॅरेजमध्येही तत्त्व हेच असते, फक्त उपकरणे महाग असतात.

मग छोट्या हातोडीने चासीवर जागोजाग ठोकत जा आणि ऐका. चांगले लोखंड खणखणीत वाजते. आतून गंजलेला भाग बद्द वाजतो, कारण गंजाचे सुटे थर कंपने शोषून घेतात. मागच्या आडव्या पट्ट्या आणि पाट्यांचे कान जेथे चासीला जोडलेले असतात त्या जागा विशेष तपासा. तेथे काळ्या मातीचा लपका वर्षानुवर्षे ओल धरून बसलेला असतो.

गंज आणि अडकलेले नट

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. पाण्यात क्षार असतील तर तो वेगाने चढतो, म्हणून गोठ्याशेजारी उभी असलेली जीप लवकर कुजते. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो व आतील धातूला संरक्षण देतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्रे होऊन सुटतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे पाडतो. म्हणूनच गंजावर नुसती लांबी भरून रंग मारला तर तो आतल्या आत वाढतच राहतो. कुजलेला पत्रा कापून, नवा तुकडा वेल्ड करून, त्यावर रेड ऑक्साइड लावणे हाच उपाय.

नटही याच फुगण्यामुळे अडकतात. आट्यांमधील जागा गंजाने भरते. अशा वेळी लांब पाना लावून जोर केला तर बोल्ट तुटतो. त्याऐवजी पातळ तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. केशाकर्षणामुळे तेल आट्यांच्या बारीक फटींत आपोआप शिरते. तरीही नट सुटला नाही तर तो तापवतात. येथे एक प्रश्न: नट तापवला तर त्याचे छिद्र लहान होईल की मोठे? वर्गात मी हा प्रश्न विचारतो तेव्हा निम्मे हात 'लहान' या उत्तरासाठी वर होतात. धातू आत सरकून छिद्र बुजवेल असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात छिद्रासकट सारा नट सारख्या प्रमाणात वाढतो, म्हणजे छिद्रही मोठे होते. आतला बोल्ट तेवढा तापलेला नसतो, म्हणून पकड ढिली पडते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार हेच करतो.

हे काम पेट्रोलच्या टाकीपासून दूर आणि मिस्त्रीच्या हातूनच झाले पाहिजे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते हे लक्षात ठेवा. भरल्या टाकीत हवा कमी असते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एक ठिणगी पुरते. रिकामी टाकी कधीही घरी वेल्ड करू नये.

आणखी एक गंमत जुन्या विलीस घडणीच्या जीपमध्ये आढळते. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाकाच्या फिरण्याने ते आपोआप सुटू नयेत म्हणून ही योजना. ज्याला हे ठाऊक नाही तो नट 'सोडण्यासाठी' अधिकच आवळत जातो आणि शेवटी बोल्ट मोडतो.

आधी थांबणे, मग धावणे

एंजिनाचा आवाज ऐकण्याची सर्वांना घाई असते. पण एंजिन सुरू झाले की जीप लगेच फेरीला नेण्याचा मोह आवरत नाही, म्हणून ब्रेक आधी तयार असले पाहिजेत.

जीपचे ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. समजा, तुम्ही पॅडल ३०० न्यूटन बलाने दाबले. पॅडलची तरफ ते बल सहापट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १८०० न्यूटन बल पडते. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौ. सेंमी. असेल तर द्रवातील दाब दर चौ. सेंमी.ला ३६० न्यूटन होतो. हाच दाब नळ्यांतून चारही चाकांच्या सिलिंडरांपर्यंत पोहोचतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात.

या रचनेत एक मोठी उणीव आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांसाठी द्रवाचा एकच मार्ग असतो. आजच्या मोटारीत तो दोन स्वतंत्र भागांत विभागलेला असतो; एक फुटला तरी दुसरा चालतो. जुन्या जीपची एक जरी नळी गळली तरी दाब कोठेच निर्माण होत नाही आणि चारही ब्रेक एकदम जातात. म्हणून तीस-चाळीस वर्षे उभ्या असलेल्या जीपच्या रबरी नळ्या, सिलिंडरांतील रबरी वॉशर आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या दिसायला ठीक वाटल्या तरी बदलायच्याच. 'आधी मोजा, मग बदला' या नियमाला हा एवढाच अपवाद, कारण येथे चुकीची किंमत जीव देऊन मोजावी लागते.

गॅरेजमध्ये ब्रेकच्या द्रवाला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण हे तेल नव्हे. साधारणतः ते ग्लायकॉल वर्गातील द्रव असते. नावाला फसून कोणी एंजिनाचे तेल ओतले तर रबरी वॉशर फुगून निकामी होतात. शिवाय हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. नव्या साध्या ब्रेकद्रवाचा उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअसच्या वर असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. आता हिशेब करा. माणसांसह १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची जीप ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल होते. थांबताना या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन ड्रममध्ये जातो. लागोपाठ ब्रेक लावले तर द्रव उकळू लागतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात म्हणून पॅडल पोकळ लागते.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ड्रममधील भुकटी फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये. तोंडावर योग्य मुखपट्टी बांधून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांत गेले तर असाध्य रोग होऊ शकतात.

हातब्रेकचीही एक खोच आहे. या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या दांड्यावर असतो. दोन्ही मागची चाके जमिनीवर आहेत तोवर तो जीप धरून ठेवतो. पण जॅक लावून मागचे एक चाक उचलले, की मधले डिफरन्शियल त्या उचललेल्या चाकाला उलट फिरू देते, आणि जमिनीवरचे चाक पुढे सरकते. हातब्रेक ओढलेला असूनही जीप घरंगळते! म्हणून चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय जॅक लावू नये, आणि नुसत्या जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चासीखाली मजबूत घोड्या हव्यात.

एंजिनाची नाडी

आता एंजिन. एका सिलिंडरचा व्यास ७.९४ सेंमी. आणि दट्ट्याची धाव ११.११ सेंमी. असते. दंडगोलाच्या घनफळाचे सूत्र वापरा. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ५५० घ. सेंमी. आणि चारांचे मिळून २२०० घ. सेंमी. येईल. धाव व्यासापेक्षा बरीच लांब आहे. असे एंजिन फार वेगाने फिरत नाही, पण कमी वेगातही चांगला पीळ देते. चिखलासाठी हेच हवे.

बरीच वर्षे बंद असलेले एंजिन जाम झालेले असू शकते. ते स्टार्टरने किंवा ढकलून फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हँडलने हळूच पुढे-मागे हलवून पाहावे. ते सुटले की 'कॉम्प्रेशन' तपासायचे. प्लगच्या जागी दाबमापक बसवून एंजिन फिरवले की प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते कळते.

समजा, चार सिलिंडरांचे दाब दर चौ. सेंमी.ला ७, ७, ६.८ आणि ४ किलोग्रॅम आले. चौथ्यात हवा कोठून तरी निसटते आहे. वाटा मुख्यतः दोन: खाली रिंगांच्या बाजूने, नाही तर व्हॉल्व्हमधून. कोणती, हे एंजिन न खोलता कसे ओळखाल? चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर एंजिनाचे तेल घालून दाब पुन्हा मोजा. तेल दट्ट्याच्या कडेने पसरते व रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा झिजलेल्या बोअरचा. दाब तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी असेल तर त्यांच्यामधील हेड गॅसकेट जळालेले असण्याचा संभव मोठा. एका चमचा तेलाने हजारो रुपयांचा निर्णय होतो. जो न मोजता 'बोअर करून टाकू' म्हणतो, तो व्हॉल्व्ह घासून भागले असते तेथे सारे एंजिन उघडतो.

निसटणारे व्होल्ट

सुरुवातीच्या विलीस जीपला ६ व्होल्टची बॅटरी असे. पुढे १२ व्होल्टची पद्धत आली. कारण ओहमच्या नियमात आहे. स्टार्टर १५० अँपिअर प्रवाह घेत असेल आणि गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०१ ओहम असेल, तरी त्या जोडावर दीड व्होल्ट खर्च होतात. सहा व्होल्टांतले दीड म्हणजे चौथा हिस्सा! १२ व्होल्टच्या स्टार्टरला तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह लागतो. त्याच जोडावर ०.७५ व्होल्ट जातात, म्हणजे केवळ सोळावा हिस्सा.

म्हणून 'बॅटरी गेली' असे म्हणण्याआधी जोड तपासावेत. स्टार्टर फिरत असताना व्होल्टमापकाची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी एंजिनाच्या ब्लॉकला लावा. जोड चांगला असेल तर काटा शून्याजवळ राहील. तो एक-दीड व्होल्ट दाखवू लागला तर बॅटरी निर्दोष असून अर्थिंगची पट्टी दोषी आहे. पट्टी काढून पॉलिश पेपरने घासली की काम झाले.

चारही चाके कशासाठी?

सीजे-३बी च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८, ट्रान्सफर केसच्या 'लो' गिअरचे २.४६ आणि अ‍ॅक्सलमधील क्राउन-पिनियनचे ५.३८. तिघांचा गुणाकार सुमारे ३७. एंजिन ३७ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. एंजिनाचे मिनिटाला २००० फेरे असताना जीप ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसासारखी जाते.

वेग कमी झाला त्या प्रमाणात पीळ वाढला. एंजिनाचा पीळ जास्तीत जास्त १५५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. त्याची ३७ पट करा, घर्षणात जाणारा सातवा हिस्सा वजा करा आणि चाकाच्या त्रिज्येने, म्हणजे ०.३५ मीटरने भागा. ओढण्याचे बल सुमारे १४,००० न्यूटन येते. १२०० किलोग्रॅमच्या जीपचे वजन ११,७६० न्यूटन आहे. म्हणजे ओढ वजनापेक्षाही जास्त! मग जीप उभ्या भिंतीवर का चढत नाही?

कारण मर्यादा एंजिनाची नसून जमिनीची असते. चाक जमिनीला घर्षणाएवढेच ढकलू शकते. ओल्या काळ्या मातीवर घर्षण गुणांक ०.३ धरू या आणि १० अंशांचा चढ घेऊ या. चिखलाचा रोध सोडून दिला तरी चढण्यासाठी सुमारे २०४० न्यूटन बल लागते. फक्त मागची चाके फिरत असतील व त्यांच्यावर निम्मा भार असेल तर मिळणारे घर्षण सुमारे १७४० न्यूटन. चाके जागीच फिरतील. चारही चाकांना शक्ती दिली तर ३४७० न्यूटन. जीप सहज वर जाईल. एंजिन तेच, गिअर तोच. फरक फक्त किती वजन कामाला लावले याचा.

मग डांबरी रस्त्यावरही चारही चाके जोडलेली का ठेवू नयेत? वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावे लागते. या जीपमध्ये पुढच्या व मागच्या दांड्यांमध्ये डिफरन्शियल नसते, दोघांना सारखेच फिरावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही; सारा ताण दांडे आणि दंतचक्रे सोसतात, आणि एक दिवस मोडतात.

उसाचा अंश पेट्रोलमध्ये

ही जीप बनली तेव्हाचे पेट्रोल आज राहिलेले नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. आता पंपांवर सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. सोलापूर जिल्हा हा साखर कारखान्यांचा जिल्हा. तुमच्या शेतातील उसाचाही काही अंश त्यात असू शकेल! पण जुन्या जीपला यामुळे तीन अडचणी येतात.

पहिली, जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा इथेनॉलने मऊ पडतो व फाटतो. त्या जागी इथेनॉल सोसणारे रबर वापरले पाहिजे. दुसरी, इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवली तर पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी बसून टाकी आतून गंजते. तिसरी, एक किलोग्रॅम शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते, इथेनॉलला मात्र फक्त ९ किलोग्रॅम. जुना कार्ब्युरेटर पूर्वीच्याच हिशेबाने हवा देत राहतो, म्हणून मिश्रण पातळ होते, एंजिन अडखळते आणि तापते. उपाय म्हणजे किंचित मोठा जेट आणि प्लगच्या रंगावर नजर. तपकिरी रंग ठीक. पांढुरका रंग पातळ मिश्रणाची खूण.

ठेवायची की द्यायची?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. चासीचे कर्ण जुळले, एंजिन फिरले आणि दाब बरे आले, तर जीप उभी राहण्यासारखी आहे. चासीच कुजलेली असेल तर मात्र प्रामाणिकपणे तसे सांगावे; नुसता रंग मारून रस्त्यावर आणलेली जीप दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

कागदपत्रांचीही तपासणी हवी. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर पाच वर्षांनी वाहन तपासून ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी वेगळी सोयही झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि चासी, सांगाडा व एंजिन यांत मोठे फेरबदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी मात्र चालवता येत नाही.

येथे एक निवड करावी लागते. पुष्कळ जुन्या जीपमध्ये पेट्रोल वाचवण्यासाठी नंतर डिझेल एंजिन बसवले गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. एंजिन बदलण्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते आणि असा फेरबदल केलेली गाडी व्हिंटेज नोंदणीच्या अटीत बसणे कठीण होते. जीप कामासाठी हवी की आठवण म्हणून, हे आधी ठरवा आणि मग पान्याला हात लावा. काढलेला प्रत्येक भाग कोठून निघाला, त्याचे माप काय, त्याची अवस्था कशी, हे वहीत लिहा व चित्र काढा. जोडताना सर्वांत उपयोगी हत्यार ही वहीच ठरते.

करून पाहा: विजेने गंज काढणे

साहित्य: प्लास्टिकचा डबा, पाणी, धुण्याचा सोडा, एक गंजलेला नट, एक जाड लोखंडी खिळा, ९ व्होल्टची छोटी बॅटरी, दोन तारा.

एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सोडा विरघळवा. नट बॅटरीच्या ऋण टोकाला व खिळा धन टोकाला जोडून दोन्ही पाण्यात सोडा. ते एकमेकांना चिकटू देऊ नका. नटावर बारीक बुडबुडे येऊ लागतील. तो हायड्रोजन वायू होय. तास-दोन तासांनी नट काढून जुन्या टूथब्रशने घासा. गंज काळा होऊन सुटलेला दिसेल. नट लगेच कोरडा करून त्याला तेल लावा, नाही तर थोड्याच वेळात पुन्हा तांबूस झाक येईल.

सावधगिरी: प्रयोग शिक्षकांसमोर, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करा. घरातील विजेची जोडणी वापरू नका. सोड्याऐवजी मीठ घालू नका, कारण क्लोरीन वायू निघू शकतो. खिळ्याऐवजी स्टेनलेस स्टील वापरू नका, कारण त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे बनतात.

विचार करा: (१) दोन्ही तारांची अदलाबदल केली तर नटाचे काय होईल? (२) नटावरील बुडबुडे खिळ्यावरील बुडबुड्यांपेक्षा जास्त का असतात? (३) जीपचा वेग दुप्पट झाला तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता किती पट होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगा.